आवडता अपराधी

कथेंतील दुष्टाचा राग यावा आणि सज्जनाविषयीं प्रेम वाटावें, ही श्रोत्याची जुनी रीत होय. कीर्तनकारानें कंसाचें नांव घेतलें कीं त्याच्या पुढच्या वागणुकीविषयीं कोणासहि शंका उरत नसे. परंतु गेल्या साठ वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर ज्या विज्ञानकथा मालिकारूपानें दाखविल्या गेल्या, त्यांनीं या रीतीस एक चमत्कारिक धक्का दिला. त्या कथांतील जीं पात्रें अतिशय लोकप्रिय झालीं, त्यांपैकीं कित्येक धड सज्जनहि नव्हतीं आणि धड दुर्जनहि नव्हतीं. त्याहून चमत्कारिक गोष्ट ही कीं, या पात्रांनीं प्रेक्षकांत फूट पाडली. एकाच पडद्यासमोर बसलेल्या दोघांपैकीं एकास तें पात्र जीव लावण्याजोगें वाटावें आणि दुसऱ्यास त्याचें तोंडहि पाहूं नये असें वाटावें, असें वारंवार घडलें. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा आहे, कीं त्याच्या मुळाशीं विचार करण्यासारखें कांहीं आहे, हें पाहण्याचा येथें हेतु आहे.

संदिग्ध पात्र कोणतें, हें आधीं ठरविलें पाहिजे. दुष्टाच्या अंगीं एखादा गुण दाखविला किंवा सज्जनाच्या हातून एखादी चूक घडविली, एवढ्यानें पात्र संदिग्ध होत नाहीं. ज्याचीं बरींवाईट कृत्यें एकाच मुळांतून उगवलेलीं असतात, आणि म्हणून एकें उपटून दुसरीं राखतां येत नाहींत, तें पात्र संदिग्ध होय. महाराष्ट्रांतील घरांस असा पुरुष नवा नाहीं. मित्रासाठीं प्राण वेंचणारा कर्ण आणि द्यूतसभेंत द्रौपदीच्या विटंबनेस साथ देणारा कर्ण हे दोन निराळे पुरुष नव्हेत. दुर्योधनाशीं असलेली त्याची एकनिष्ठा दोहोंच्याहि मुळाशीं आहे. त्याच्याविषयींचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि १९६७ सालीं शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ कादंबरीनें त्याची बाजू मांडल्यावर ते अधिकच रंगले.

या वादाचें मर्म समजण्यास साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांची एक कल्पना फार उपयोगी पडते. वाङ्मयापासून होणाऱ्या आनंदाचें स्वरूप सांगतांना त्यांनीं ‘सविकल्प समाधि’ हा शब्द योजिला. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, तिच्याशीं समरस होतो. परंतु योग्याच्या निर्विकल्प समाधीप्रमाणें त्याचें स्वत्व लोपत नाहीं. आपण कोण, हें भान त्यास राहतेंच, आणि एकाच वेळीं या दोन भूमिकांवर उभें राहण्यांत त्यास आनंद होतो. संदिग्ध पात्राच्या बाबतींत हें दुहेरी उभें राहणें विशेष कठीण जातें. कोणी आंत शिरतो तो परत येत नाहीं; कोणी उंबरठ्यावरूनच मागें फिरतो. प्रेक्षकांत फूट पडते ती येथें.

ही फूट विज्ञानकथेच्या मालिकांतच इतकी ठळक कां दिसावी, यालाहि कारण आहे. नाटक चार तासांत संपतें, कादंबरी चार दिवसांत. मालिका मात्र वर्षानुवर्षें ठराविक वारीं घरांत येते. नटाचा आवाज, त्याची बोलण्याची लकब, त्याचें हंसणें हीं घरच्या माणसाइतकींच ओळखीचीं होतात. शेजारी कितीहि तऱ्हेवाईक असला तरी वीस वर्षांच्या शेजारानें त्याच्याविषयीं एक प्रकारची आपुलकी उत्पन्न होतेच; त्यांतलाच हा प्रकार. शिवाय विज्ञानकथेची स्वतःची एक सोय आहे. युद्ध, परचक्र, फितुरी, गुलामगिरी हे विषय एखाद्या प्रत्यक्ष राष्ट्राचें नांव घेऊन मांडले तर निम्मे प्रेक्षक पहिल्याच वाक्याला बिथरतात. तेच विषय दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवले म्हणजे माणूस मोकळ्या मनानें ऐकतो.

परंतु या सोयीची किंमतहि मोजावी लागते. त्या ग्रहावर जे मेले ते प्रेक्षकाचे कोणीच नसतात. त्यांस नांवें नाहींत, चेहरे नाहींत, त्यांचें सुतक कोणी पाळीत नाहीं. मारणारा मात्र दर आठवड्यास समोर येऊन बोलतो. न्यायासनासमोर एका पक्षाचा वकील रोज हजर आणि दुसऱ्या पक्षाचा कधींच नाहीं, अशी ही अवस्था आहे. पुढील उदाहरणें ऐकतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आरंभीं निर्मात्यांनाच अशा पात्राची भीति वाटे. १९६५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या ‘लॉस्ट इन स्पेस’ या मालिकेंत डॉक्टर स्मिथ हा पैशासाठीं घातपात करणारा इसम होता. एका कुटुंबाच्या अंतराळयानाचा नाश करण्याची व्यवस्था करीत असतां तो स्वतःच त्या यानांत अडकला. असा मनुष्य मुलाबाळांच्या कार्यक्रमांत ठेवावा कसा? जोनाथन हॅरिस या नटानें त्याला हळूहळू भित्रा, आळशी आणि बडबड्या विदूषक बनविला, आणि १९६८ सालीं मालिका संपेपर्यंत तो घरोघरचा लाडका होऊन बसला. हंशानें प्रश्न टळला. सुटला मात्र नाहीं.

तो प्रश्न प्रथम निधड्या छातीनें विचारला ‘ब्लेक्स सेव्हन’ या इंग्रजी मालिकेनें. टेरी नेशन यांनीं निर्मिलेली ही मालिका बीबीसीनें १९७८ पासून १९८१ पर्यंत ५२ भागांत दाखविली. भविष्यकाळीं पृथ्वीवर व इतर ग्रहांवर एका जुलमी संघराज्याची सत्ता आहे, आणि ब्लेक नांवाचा बंडखोर मूठभर साथीदारांसह तिच्याशीं लढतो, असें तिचें कथानक. साथीदारांत ॲव्हन हा संगणकतज्ज्ञ होता. तो देशभक्त नव्हे. संगणकाच्या द्वारें पेढ्यांचा पैसा लुबाडण्याच्या खटपटींत पकडला गेलेला कैदी. पॉल डॅरो या नटानें त्याला थंड नजर आणि तिखट जीभ दिली. ब्लेक ध्येयाच्या गोष्टी बोले, ॲव्हन फायद्याच्या. आणि प्रेक्षकांचा ओढा पाहतां पाहतां ॲव्हनकडे वळला. ब्लेकची भूमिका करणारे गॅरेथ टॉमस दुसऱ्या वर्षाअखेर मालिका सोडून गेले, तरी तिचें नांव तेंच राहिलें आणि ॲव्हन तिचा नायक झाला.

ॲव्हनच्या बाजूचे लोक म्हणत कीं, तो निदान ढोंगी नाहीं. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. १९७९ मध्यें दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या भागांत ब्लेक शत्रूचें मुख्य संगणककेंद्र उडवून देण्यास निघतो. त्या केंद्रावर अनेक ग्रहांचें हवामान आणि दळणवळण अवलंबून असल्यानें, तें गेलें तर असंख्य निरपराध माणसें मरतील, हें त्याला ठाऊक आहे. साथीदार तें बोलूनहि दाखवितात. ब्लेक थांबत नाहीं, कारण थांबलें तर आजवरचें सारें व्यर्थ ठरेल असें त्यास वाटतें. त्याच भागाच्या अखेरीस परकी आरमार चालून येतें तेव्हां, जखमी ब्लेकच्या जागीं उभा राहून त्याला तोंड देतो तो स्वार्थी म्हणून ओळखला जाणारा ॲव्हन. ध्येयवाद्याच्या हातून नरसंहार घडूं पाहतो आणि स्वार्थ्याच्या हातून रक्षण! मग थोर कोणास म्हणावें?

तथापि १९८१ च्या एका भागांत ॲव्हनच्या चाहत्यांचीहि बोबडी वळली. एका लहान यानांत ॲव्हन आणि त्याचा जुना सोबती व्हिला हे दोघेच आहेत. यान जड झालें आहे. सत्तर-एक किलो वजन टाकलें नाहीं तर तें उड्डाण पुरें करणार नाहीं. सुटें सामान फेंकून झालें तरी वजन उरतेंच. तेव्हां ओरॅक हा संगणक निर्विकार सुरांत कळवितो कीं, व्हिलाचें वजन ७३ किलो आहे. ॲव्हन क्षणभर स्तब्ध राहतो, पिस्तूल उचलतो आणि गोड आवाजांत हांका मारीत सोबत्यास शोधूं लागतो. व्हिला एका कोपऱ्यांत अंग चोरून रडत बसला आहे. पुढें यानांतच दडवलेला एक अतिशय जड पदार्थ ॲव्हनच्या हातीं लागतो, तो बाहेर ढकलला जातो आणि दोघेहि वांचतात. पण घडायचें तें घडून गेलेलें असतें.

येथें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ब्लेकच्या बेतानें असंख्य जीव धोक्यांत आले तेव्हां जो प्रेक्षक फारसा विचलित झाला नाहीं, तोच एका व्हिलासाठीं कासावीस झाला. याचें कारण उघड आहे. त्या असंख्यांस तो ओळखत नव्हता. भित्रा, चोरटा, विनोदी व्हिला चार वर्षें त्याच्या घरीं येत होता. म्हणजे प्रेक्षकाचा न्याय अपराधाच्या आकारावर अवलंबून नव्हता. ज्याचा अपराध झाला त्याच्या ओळखीवर होता. शेवटच्या भागांत फितुरीच्या खोट्या संशयानें ॲव्हन ब्लेकलाच गोळी घालतो, आणि शत्रूच्या शिपायांच्या गराड्यांत उभा राहून किंचित् हंसतो. त्या हंसण्याचा अर्थ काय, याविषयीं मालिकेचे चाहते त्यानंतर चाळीस वर्षें उलटलीं तरी एकमत होऊं शकले नाहींत.

ओळखीचा हा प्रभाव किती दूरवर नेऊं शकतो, याचें अधिक गंभीर उदाहरण ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन मालिकेंत सांपडतें. ती १९९३ पासून १९९९ पर्यंत सात वर्षें चालली. बजोर नांवाच्या ग्रहावर कार्डॅशियन लोकांनीं सुमारें अर्धें शतक राज्य केलें, रहिवाशांना श्रमछावण्यांत राबविलें, आणि शेवटीं ते निघून गेले. त्या सुमारास कथेचा आरंभ होतो. गुल डुकाट हा त्या राजवटीचा अखेरचा प्रशासक. मार्क ॲलेमो या नटानें ही भूमिका, आपण कोणी राक्षस आहों अशा समजुतीनें केलीच नाहीं. त्याचा डुकाट सुसंस्कृत होता, गोड बोले, रसिकतेनें वागे. एका बजोरी स्त्रीपासून झालेल्या आपल्या मुलीस मारण्यास तो निघाला. पण ती समोर येतांच त्याचें मन फिरलें, आणि अधिकारपदावर पाणी सोडून तो तिला घरीं घेऊन गेला. असा बाप पाहून कोणाचें अंतःकरण द्रवणार नाहीं? पुष्कळ प्रेक्षक त्याच्या बाजूचे झाले. निर्मात्यांच्या मनांतहि एकदां असें आलें कीं, बजोरच्या स्वातंत्र्यासाठीं लढलेल्या कीरा या नायिकेची आणि डुकाटची प्रेमकथा रंगवावी. कीराची भूमिका करणाऱ्या नाना व्हिजिटर यांनीं त्यास ठाम नकार दिला. ज्या बाईच्या लोकांना त्यानें छावण्यांत मारलें, ती त्याच्यावर भाळणें शक्य नाहीं, हें त्यांचें म्हणणें होतें. पडद्यावर न दिसणाऱ्या मृतांची आठवण धरणारी एक व्यक्ति तरी तेथें होती, असें म्हटलें पाहिजे.

पुढें मालिकेचे सूत्रधार आयरा स्टीव्हन बेअर आणि त्यांचे सहकारी लेखक प्रेक्षकांच्या या सहानुभूतीनें अस्वस्थ झाले, आणि १९९८ च्या जानेवारींत रोनाल्ड मूर यांनीं लिहिलेला एक भाग त्यांनीं सादर केला. डुकाट आणि स्थानकाचा प्रमुख सिस्को एका निर्जन ग्रहावर अडकले आहेत. डुकाट आपला हिशेब मांडतो: आपण छावण्यांतील कामाचा बोजा कमी केला, अन्न आणि औषधें वाढविलीं, मृत्यूंचें प्रमाण घटविलें, आणि या उपकारांच्या बदल्यांत बजोरींनीं हल्ले केले. सिस्को त्याला बोलूं देतो. बोलतां बोलतां मुखवटा गळतो, आणि त्या सर्व लोकांना मारून टाकलें असतें तर बरें झालें असतें, हें त्याच्या अंतरांतील वाक्य बाहेर पडतें.

या भागानें वाद मिटला नाहीं, उलट वाढला. लेखकांनीं प्रेक्षकांना दटावण्यासाठीं एका सूक्ष्म पात्राचा राक्षस केला, अशी कित्येकांची तक्रार झाली, आणि शेवटच्या वर्षांत डुकाट खरोखरच सैतानी शक्तींचा सेवक झाल्यानें ती तक्रार अगदीं निराधार म्हणतां येत नाहीं. परंतु त्या भागांतील पहिला अर्धा संवाद दुसऱ्या अर्ध्याहून अधिक भयंकर आहे. मृत्यूंचें प्रमाण आपण घटविलें, असें अभिमानानें सांगणाऱ्या माणसास, मुळांत त्या छावण्या होत्याच कां, हा प्रश्न पडत नाहीं. असा हिशेब मांडण्यास राक्षस लागत नाहीं. कोणताहि नीटनेटका अधिकारी तो मांडूं शकतो. डुकाटला केवळ राक्षस म्हणून दूर सारणाऱ्या प्रेक्षकाच्या हातून हें निसटतें, आणि त्याच्या प्रेमांत पडलेल्याच्या हातूनहि निसटतें.

याच मालिकेंत त्याच वर्षीं त्याच्या उलट बाजूचें चित्रहि आलें. युद्धांत आपला पक्ष हरत असतां सिस्को हा नीतिमान पुरुष गॅरक नांवाच्या माजी हेराच्या साहाय्यानें खोटा पुरावा तयार करवितो आणि तटस्थ राष्ट्रास युद्धांत ओढतो. त्या कारस्थानांत गॅरक दोघांचे प्राण घेतो. सिस्को हें सर्व आपल्या दैनंदिनींत बोलून नोंदवितो, आणि शेवटीं ती नोंद पुसून टाकतो. कोट्यवधि जीव वांचविण्यासाठीं हें क्षम्य होतें कीं नव्हतें, यावर अजून दोन तट आहेत. येथें मात्र मृतांचा हिशेब अपराधी स्वतःच प्रेक्षकांसमोर मांडतो, आणि म्हणून या वादाची पातळी डुकाटच्या वादाहून उंच राहिली.

रोनाल्ड मूर यांनीं पुढें ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही जुनी कथा नव्यानें मांडली तेव्हां हा धडा त्यांच्या लक्षांत राहिलेला दिसतो. १९७८ च्या मूळ मालिकेंत बॅल्टर हा सरळसोट देशद्रोही होता. २००३ सालीं अवतरलेला व जेम्स कॅलिस यांनीं रंगविलेला नवा बॅल्टर हा विद्वान, चतुर आणि कमालीचा आत्मप्रेमी शास्त्रज्ञ आहे. एका सुंदर स्त्रीच्या नादानें आणि तिच्या बुद्धीचें श्रेय स्वतःकडे घेण्याच्या लोभानें तो तिला संरक्षणखात्याच्या संगणकांत शिरूं देतो. ती एखाद्या व्यापारी कंपनीची हस्तक असावी, एवढेंच तो समजतो; प्रत्यक्षांत ती मानवाच्या शत्रूंपैकीं, म्हणजे सायलॉन नांवाच्या यंत्रजातीपैकीं, असते. बारा ग्रहांवरील मनुष्यजात नष्ट होते आणि सुमारें पन्नास हजार माणसें तेवढीं यानांतून वांचतात. त्यांत बॅल्टरहि असतो. पुढें तो अध्यक्ष निवडून येतो, शत्रूची धाड पडतांच शरण जातो, आणि मस्तकावर पिस्तूल रोखलेलें असतांना फांशीच्या यादीवर सही करतो.

२००७ सालीं दाखविलेल्या भागांत त्याच्यावर खटला भरला जातो. आरोप असतो शत्रूच्या ताब्यांतील वसाहतींत मेलेल्या ५,१९७ माणसांच्या मृत्यूस हातभार लावल्याचा. पहिला, कोट्यवधींच्या संहाराचा अपराध न्यायालयास ठाऊकच नाहीं. तो ठाऊक आहे केवळ प्रेक्षकास. बचावाच्या बाजूनें सेनापतीचा मुलगा ली ॲडामा साक्ष देतो आणि विचारतो कीं, बंड करणारे, पळून जाणारे, शत्रूशीं संगनमत करणारे, या सर्वांना क्षमा झाली असतां यालाच ती कां नाहीं? सर्वांना आपापली लाज एका माणसाच्या माथीं मारून त्याला दूर लोटावयाचें आहे, हें त्याचें उत्तर. पांच न्यायाधीशांपैकीं तिघे निर्दोष म्हणतात आणि दोघे दोषी. निकालाची हीच विभागणी प्रेक्षकांच्या मनांतहि होती.

या मालिकेची खरी योजना मात्र अन्यत्र आहे. कित्येक भागांच्या आरंभीं पडद्यावर वांचलेल्या माणसांची संख्या येई. अध्यक्षीणबाई आपल्या दालनांतील फळ्यावर ती लिहून ठेवीत. माणसें मेलीं कीं आंकडा उतरे, आणि एक मूल जन्मलें तेव्हां तो त्यांनीं एकानें वाढविला. युद्धनौकेच्या एका बोळांत भिंतभर मृतांचीं छायाचित्रें लावलेलीं होतीं, आणि पात्रें येतांजातां तेथें थबकत. अशा रीतीनें गैरहजर पक्षाला कायमची जागा देण्यांत आली. बॅल्टरच्या विनोदी फजितीवर हंसतांना किंवा त्याच्या एकटेपणानें गलबलतांना तो आंकडा आणि ती भिंत प्रेक्षकाच्या नजरेआड होत नसे. २००९ सालीं शेवटच्या भागांत, शेतकरी बापाची जन्मभर लाज बाळगलेला हा शास्त्रज्ञ नव्या भूमीवर उभा राहून आपल्याला शेती येते असें म्हणतो आणि रडूं लागतो, तेव्हां त्या अश्रूंची किंमत कळते ती त्या भिंतीमुळेंच.

आतां प्रेक्षकांच्या दोन तटांकडे वळावें. अपराधी पात्रावर प्रेम करणाऱ्यांना नीतिभ्रष्ट म्हणणें चुकीचें आहे. अपराध कसा घडतो हें आंतून पाहण्याची त्यांची तयारी असते, आणि त्या तयारीवांचून माणूस कळत नाहीं. बॅल्टरचा लोभ आणि डुकाटची प्रशंसेची भूक सामान्य माणसाच्या ठायीं असते, हें तेच ओळखूं शकतात. त्यांची चूक होते ती पुढच्या पायरीवर: समजलें म्हणजे क्षमा केली, असें ते धरून चालतात. दुसऱ्या तटास अरसिक म्हणणेंहि तितकेंच चुकीचें आहे. कोणीतरी त्या मृतांच्या बाजूनें बोललें पाहिजे, आणि तें काम ते करतात. त्यांची चूक ही कीं, दुष्टांची जातच वेगळी असते आणि आपण तींत नाहीं, अशी सोयीस्कर समजूत ते करून घेतात.

केळकरांच्या समाधीतला ‘सविकल्प’ हा शब्द येथें थोडा वाढवून घ्यावासा वाटतो. दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतांना स्वतःचें भान राखणें एवढ्यानें भागत नाहीं. तेथें उपस्थित नसलेल्या तिसऱ्याचेंहि भान राखावें लागतें. हें भान सुटलें कीं उत्तम कथा अपराध्याची वकिली होते, आणि पात्राच्या आंत शिरणेंच सोडलें कीं ती बोधकथा होते. प्रत्यक्ष जगांतहि हेंच घडतें. पदच्युत झालेला अधिकारी आठवणी लिहितो, मुलाखती देतो, नातवंडांसह छायाचित्र काढवितो. ज्यांच्यावर त्याचा अंमल चालला त्यांच्यापैकीं पुष्कळांना दोन ओळी लिहिण्याइतकाहि अवसर मिळालेला नसतो. म्हणून घरांत एखाद्या मालिकेवरून असा वाद पेटला तर तो वडीलधाऱ्यांनीं दाबूं नये. तो मनुष्य चांगला कीं वाईट, या प्रश्नाबरोबर त्यानें ज्यांचें नुकसान केलें त्यांपैकीं किती जणांचीं नांवें आठवतात, हेंहि एकमेकांस विचारून पाहावें. उत्तर देतांना दोन्ही बाजूंना थोडें थांबावें लागेल, आणि त्या थांबण्यांतच अशा कथा पाहिल्याचें सार्थक आहे.